कृष्णेकाठचा गळ समुद्रात चालवायचा असेल तर: साहित्य, गाठी आणि बांधणी

प्रश्न थोडक्यात असा आहे: राहणं साताऱ्यात, गळ टाकायची सवय कृष्णा-कोयनेवर आणि आसपासच्या तलावांवर. हाताशी नदीचा रॉड आणि छोटी रील आहे. आता कुंभार्ली घाट उतरून गुहागर-दाभोळकडे, किंवा सांगलीच्या मित्रांबरोबर आंबा घाटानं रत्नागिरीकडे जाऊन किनाऱ्यावरून समुद्रात मासे धरायचे आहेत. साहित्य काय घ्यावं, गाठी कोणत्या शिकाव्यात आणि गळ-शिसं बांधायचं कसं?

दुकानात जाण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्या. समुद्रावर नव्या माणसाचा मासा सुटतो तो बहुतेक वेळा गाठीतून, खडकाला घासलेल्या दोरीतून, नाहीतर गच्च आवळलेल्या ड्रॅगमुळे (ड्रॅग म्हणजे मासा जोरात ओढू लागला की दोरी सोडणारी रीलमधली सोय). रॉड मोडून मासा गेला असं क्वचितच होतं. म्हणून हातातले पैसे महागड्या रॉडवर संपवू नका. बजेटचा मोठा वाटा रीलला, त्यानंतर चांगल्या दोरीला आणि उरेल त्यात रॉड, असा हिशेब ठेवा. आणि घाट उतरायच्या आधी आठवडाभर संध्याकाळी घरी बसून गाठी मारा. किनाऱ्यावर वाऱ्यात, ओल्या हातांनी आणि आमिषाच्या चिकटपणात गाठ शिकता येत नाही.

नदीच्या साहित्यातलं काय चालेल ते आधी बघू. २५०० किंवा ३००० आकाराची रील खाडीत फ्लोट लावून गळ टाकायला चालते, फक्त घरी आल्यावर ती धुवावी लागते. ०.२५-०.३० मिमीचं तंगूस (नायलॉनची एकेरी दोरी) खाडीतल्या बोयीला, मुडदुशीला पुरतं. खडकांजवळ आणि पुळणीवर मात्र ते टिकत नाही. नदीचे ८ आणि १० नंबरचे गळ बारीक पडतात. कणकेचा गोळा लाटेत दोन मिनिटांत विरघळतो. शांत खाडीत बोयीला तो चालतो, पण तांबोशी, गोबरा, कोकर असे मासे त्याला विचारत नाहीत. ज्या रॉडच्या कड्या साध्या लोखंडावर मुलामा दिलेल्या आहेत, तो समुद्रावर नेऊच नका. पहिल्याच फेरीनंतर कडीच्या आतून गंज धरतो आणि मग ती कडी करवतीसारखी दोरी कापते.

पहिला रॉड एकच घ्यायचा असेल तर ८ ते ९ फुटांचा, दोन तुकड्यांचा, मध्यम ते मध्यम-जड ताकदीचा घ्या. रॉडच्या बुडाशी कास्टिंग वेट लिहिलेलं असतं, ते २० ते ६० ग्रॅमच्या आसपास असावं. हा रॉड पुळण, जेट्टी, खाडीचं तोंड आणि सखल खडक अशा चारही ठिकाणी चालतो. १२ फुटांचा सर्फ रॉड १०० ग्रॅम शिसं लांब फेकतो खरा, पण नवख्याला तो पेलत नाही, आणि कोकणच्या किनाऱ्यावर बरेच मासे जवळच असतात. टेलिस्कोपिक रॉड मोटरसायकलवरून न्यायला सोयीचा वाटतो, पण त्याच्या सांध्यांत वाळू आणि मीठ जाऊन तो अडकतो. दोन तुकड्यांचा रॉड पीव्हीसी पाइपात घालून एसटीतही नीट नेता येतो.

रील ४००० आकाराची स्पिनिंग घ्या. दुकानात बेअरिंग किती आहेत हे मोठ्या अक्षरात लिहिलेलं दिसतं, त्याला भुलू नका. बघायचं ते वेगळं: हँडल फिरवताना खडखड नको, बेल (दोरी रीलवर घेणारी तारेची कमान) उघडून हातानं बंद केली की ती नीट बसावी, दोरी जिच्यावरून वळते ती बारीक फिरकी बोटानं मोकळी फिरावी आणि ड्रॅग झटके न देता सरळ सुटावा. ड्रॅग तपासायला दुकानदाराकडून दोरी भरलेली रील घ्या, ड्रॅग अर्धा आवळा आणि दोरी हळूहळू ओढा. ओढ सुरू होताना हिसका बसला, तर मोठ्या माशाच्या पहिल्या धावेला नेमकी तिथंच दोरी तुटते.

दोरीत दोन पर्याय आहेत, नायलॉनचं तंगूस आणि ब्रेड, म्हणजे बारीक धाग्यांची विणलेली दोरी. तंगूस २०-२५ टक्क्यांपर्यंत ताणलं जातं, त्यामुळे ते चुका पोटात घालतं, खडकाला जास्त टिकतं आणि स्वस्तही पडतं. ब्रेड जवळजवळ ताणली जात नाही, म्हणून ५० मीटरवर माशानं मारलेला बारीक ठोकाही बोटाला कळतो, आणि तेवढ्याच ताकदीला ती बरीच बारीक असल्यामुळे लांब जाते. पण खडकावर ताणलेली ब्रेड एकदा घासली की संपली. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांसाठी ०.३५ ते ०.४० मिमीचं तंगूस भरा, म्हणजे साधारण ८ ते १० किलो ताकद. हात बसला की पीई २ ची ब्रेड घ्या (पीई हे ब्रेडच्या जाडीचं माप), ती ०.२३ मिमीच्या आसपास जाड आणि १३ किलोच्या आसपास ताकदीची असते. ब्रेड भरताना स्पूलवर (रीलमधल्या दोरी गुंडाळायच्या चकरीवर) आधी ८-१० वेढे तंगूस घ्या आणि त्याला ब्रेड जोडा. गुळगुळीत स्पूलवर नुसती ब्रेड गुंडाळली तर सगळा गुंडा आतल्या आत फिरतो, हँडल फिरतं पण दोरी येत नाही आणि माणूस ड्रॅग आवळत बसतो. दोरी स्पूलच्या काठापासून २-३ मिमी खालीपर्यंतच भरा. काठोकाठ भरली तर फेकताना गुच्छच्या गुच्छ सुटतो. भरताना ओल्या कापडात दोरी चिमटीत धरून ताणावर गुंडाळा. सैल गुंडाळलेली ब्रेड पुढच्या फेकीत स्वतःतच रुतते.

आता मुख्य मुद्दा. रीलपासून गळापर्यंतच्या सगळ्या दोरीत सर्वांत कच्ची जागा कुठं असावी, हे तुम्ही ठरवायचं. ते समुद्रावर सोडू नका. ब्रेड १३ किलोची असेल तर तिच्यापुढं लीडर, म्हणजे मुख्य दोरीच्या टोकाला जोडायची जाड दोरी, ०.५० मिमी तंगुसाचा, म्हणजे साधारण १५ किलोचा. गळाचा तुकडा, म्हणजे ज्याला गळ बांधायचा तो दोरीचा शेवटचा तुकडा, ०.४० मिमीचा, १० किलोचा. खडकाळ जागी शिसं बांधायचा धागा सगळ्यात बारीक, ०.२५-०.२८ मिमीचा, ४ किलोच्या आसपासचा. मग शिसं कपारीत अडकलं तर फक्त शिसं जातं आणि मासा हातात राहतो. गळ अडकला तर गळाचा तुकडा तुटतो आणि लीडर वाचतो. सगळीकडे एकच जाड दोरी वापरणाऱ्याची मात्र रीलजवळ तुटते आणि ६० मीटर ब्रेड समुद्रात राहते. ती पुढं कासवांच्या आणि पक्ष्यांच्या पायात जाते, हेही लक्षात असू द्या.

लीडरची लांबी किती ठेवायची? फक्त घासण्यापासून बचाव हवा असेल तर दीड-दोन मीटर पुरे. पण ६० ग्रॅमपेक्षा जड शिसं जोरात फेकणार असाल, तर लीडर इतका हवा की फेकायच्या तयारीत उभं राहिल्यावर त्याचे ३-४ वेढे स्पूलवर यावेत. ९ फुटी रॉडला ते साधारण ५-६ मीटर होतं. दर २८ ग्रॅम शिशाला किमान साडेचार किलो ताकदीचा लीडर, हा किनाऱ्यावर फेकणाऱ्यांचा जुना हिशेब आहे आणि तो पाळावा. फेकताना तुटलेलं शिसं गोळीसारखं जातं आणि पुळणीवर माणसं असतात.

गाठींकडे येऊ. चार गाठी पक्क्या झाल्या की पहिलं वर्ष निभावतं.

पहिली युनि. गळाच्या कडीतून दोरीचं टोक १५-२० सेंमी बाहेर काढा आणि मुख्य दोरीला समांतर धरा. टोक मागं वळवून गळाकडे आणा, म्हणजे एक फास तयार होईल. आता टोक त्या फासाच्या आतून, दोन्ही समांतर दोऱ्यांभोवती मिळून, ५-६ वेळा गुंडाळा. ब्रेडला ८ वेळा. पाणी किंवा थुंकी लावा, टोक ओढून वेढे एकमेकांना चिकटून बसवा, मग मुख्य दोरी ओढत गाठ गळाच्या कडीपर्यंत सरकवा. शेवटी टोक २-३ मिमी ठेवून कापा. वेढे एकावर एक चढलेले दिसले तर गाठ कापून परत मारा. चढलेला वेढा ताण आल्यावर खालच्याला चिरतो. ओलं करण्याचं कारणही समजून घ्या: कोरडं तंगूस घट्ट होताना घर्षणानं तापतं आणि नेमकं गाठीपाशीच कमजोर होतं. कोरड्या आवळलेल्या गाठीजवळ दोरी वळलेली आणि पांढरट दिसते, ती सरळ कापून टाका.

दुसरी पालोमार. ब्रेड थेट स्विव्हलला (दोन्ही टोकांना कडी असलेल्या फिरत्या जोडाला) बांधायची असेल तर हिच्यासारखी गाठ नाही. दोरी १५ सेंमी दुहेरी करा, दुमडलेलं टोक कडीतून ओवा, दुहेरी दोरीचीच एक साधी सैल गाठ मारा आणि खाली राहिलेल्या दुमडीच्या फासातून अख्खा गळ किंवा स्विव्हल पार काढा. ओलं करा आणि मुख्य दोरी व टोक दोन्ही एकत्र ओढा. इथं एकच चूक वारंवार होते. कडीतून जाणाऱ्या दोन दोऱ्या एकमेकींवर पीळ घेऊन बसतात आणि मग गाठ निम्म्या ताकदीला तुटते. आवळण्याआधी दोऱ्या शेजारी-शेजारी आहेत ना, ते डोळ्यांजवळ धरून बघा.

तिसरी दुहेरी युनि, ब्रेड आणि लीडर जोडायला. दोन्ही टोकं २०-२५ सेंमी एकमेकांवरून समोरासमोर न्या. ब्रेडच्या टोकानं लीडरभोवती युनि मारा, ८ वेढे. लीडरच्या टोकानं ब्रेडभोवती युनि मारा, ४ ते ५ वेढे. जाड दोरीला जास्त वेढे दिले तर ते नीट बसत नाहीत. दोन्ही गाठी आधी आपापल्या जागी बसवा, ओलं करा, मग दोन्ही मुख्य दोऱ्या विरुद्ध बाजूंना ओढा. गाठी सरकत येऊन एकमेकींना भिडतात. लीडरचं टोक अगदी जवळून कापा, ब्रेडचं ३-४ मिमी ठेवा. ही गाठ रॉडच्या कड्यांतून जाताना टिकटिक करते. लांब लीडर लावून सतत फेकायचं असेल तर पुढं एफजी गाठ शिका, ती बारीक असते. पण अर्धवट मारलेल्या एफजीपेक्षा पक्की मारलेली दुहेरी युनि दहापट बरी.

चौथी ड्रॉपर लूप, लीडरच्या मधोमध फास काढायला. दोरीचा ओंजळीएवढा फास करा. जिथं दोरी दोरीवरून जाते, तो छेद चिमटीत धरून ६-७ पीळ द्या, पण पिळांच्या मधोमध एक फट उघडी ठेवा, तिथं काडेपेटीची काडी घातली तरी चालते. फासाचं खालचं टोक त्या फटीतून वर काढा आणि दातात धरा. दोन्ही बाजूंच्या दोऱ्या हळूहळू ओढा, मग काडी काढून घट्ट करा. फास दोरीला काटकोनात उभा राहिला तर गाठ जमली.

गाठी तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. गळाची टोकदार बाजू पक्कडीत धरा, दोरीच्या दुसऱ्या टोकाला सामान मोजायचा हुकवाला तोलकाटा लावा आणि सावकाश ओढा. ओढताना डोळ्यांवर चष्मा असू द्या. १० किलोचं तंगूस गाठीत ८ किलोला तुटलं तर गाठ चांगली. ५ किलोला सुटलं तर कुठं चुकलं ते शोधा. त्याच तोलकाट्यावर ड्रॅगही लावून घ्या. रॉड वाकवून धरा, दोरीचं टोक काट्याला अडकवा, दुसऱ्याला ओढायला सांगा आणि दोरी सुटू लागेल तो आकडा बघा. दोरीतल्या सर्वांत कच्च्या भागाच्या, पण शिशाचा धागा सोडून, चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाएवढा ड्रॅग ठेवा. म्हणजे गळाचा तुकडा १० किलोचा असेल तर अडीच ते तीन किलो. हाताला हा ड्रॅग फार सैल वाटतो, म्हणूनच तो मोजून लावायचा.

बांधणीचे प्रकार पुष्कळ आहेत. सुरुवातीला दोन पुरतात, तिसरा तुम्हाला नदीवरून माहीतच आहे.

सरकत्या शिशाची बांधणी पुळणीवर आणि खाडीच्या तोंडाशी वापरा. लीडरमध्ये भोक असलेलं अंडाकृती शिसं ओवा, त्यामागून प्लास्टिकचा मणी आणि मग स्विव्हल बांधा. स्विव्हलच्या दुसऱ्या कडीला ०.४० मिमीचा ४५-६० सेंमी तुकडा आणि त्याला १/० किंवा २/० चा गळ. मासा आमिष उचलून निघाला की दोरी शिशातून सरकते आणि त्याला वजन जाणवत नाही. मणी विसरलात तर शिसं दर फेकीला स्विव्हलच्या गाठीवर आदळतं आणि काही तासांत ती गाठ खाऊन टाकतं. गळाचा तुकडा मीटरभर ठेवायचा मोह टाळा, फेकताना तो मुख्य दोरीला गुरफटतो. वाळूत शिसं वाहून जात असेल तर गोल-अंडाकृतीऐवजी पिरॅमिड आकाराचं घ्या, ते वाळूत रुतून बसतं. त्याला भोक नसतं, म्हणून ते सरकत्या क्लिपवर लावा. ५० ग्रॅमनं सुरुवात करा. शिसं आणि आमिष मिळून रॉडवर लिहिलेल्या वजनाच्या आत राहिलं पाहिजे, ओल्या बांगड्याचा तुकडाही २०-३० ग्रॅम भरतो.

दोन गळांची खडी बांधणी जेट्टीवर आणि खडकांवर उपयोगी पडते. सव्वा मीटर लीडरच्या तळाला फास काढून तिथं बारीक धाग्यानं शिसं बांधा. शिशापासून ३० सेंमीवर एक ड्रॉपर लूप आणि त्याच्या वर ४० सेंमीवर दुसरा. प्रत्येक फास ८-१० सेंमी बाहेर यावा आणि गळ त्यातच ओवावा. दोन फासांतलं अंतर कमी पडलं तर गळ एकमेकांत अडकतात. २ किंवा १ नंबरचे गळ लावा. वरच्या टोकाला स्विव्हल. शिसं तळाला टेकतं आणि आमिष खेकड्यांच्या थोडं वर राहतं. बारीक धाग्यावरचं शिसं झटका देऊन फेकलं तर हवेतच तुटतं, म्हणून रॉड सावकाश सुरू करून शेवटी वेग द्या.

फ्लोटची बांधणी खाडीत, तिवरांच्या कडेला, जिवंत कोळंबीसाठी. फ्लोट सरकता ठेवा आणि खोली ठरवायला मुख्य दोरीवर वेगळ्या धाग्याची युनि मारून थांबा करा. बाकी सगळं नदीसारखंच, फक्त भरती-ओहोटीनं खोली तासातासाला बदलते, तसा थांबा वर-खाली सरकवत राहावं लागतं.

गळांच्या नंबरांत नव्या माणसाचा गोंधळ होतो. ६, ४, २, १ असा नंबर कमी होत जातो तसा गळ मोठा होतो. त्यापुढं १/०, २/०, ३/० वाढत जातात तसा आणखी मोठा. सर्कल गळ (टोक आत वळलेला गोलसर गळ) वापरत असाल तर हिसका द्यायची नदीवरची सवय सोडा. दोरी घट्ट होऊ द्या, रॉड वाकू द्या आणि नुसती रील फिरवा, गळ आपोआप ओठाच्या कोपऱ्यात बसतो. हिसका दिला की तो तोंडातून सरळ बाहेर येतो. आणि आमिष कितीही मोठं असलं तरी गळाचं टोक आणि वळणातली जागा मोकळी ठेवा.

आमिष गुहागर-रत्नागिरीला सकाळी बाजारात ताजं मिळतं: कोळंबी, माकूळ, बांगडा, पेडवे. पण पहाटेच्या भरतीला बसायचं असेल तर ते सोबतच हवं. सातारा किंवा सांगलीच्या मासळी बाजारातून बर्फातला बांगडा घ्या, काटा काढून बोटाएवढ्या पट्ट्या कापा, जाड मीठ चोळून डब्यात रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सुटलेलं पाणी ओतून द्या. मांस घट्ट होतं आणि कातडीसकट गळावर चांगलं टिकतं. पट्टीतून गळ दोनदा कातडीच्या बाजूनं काढा, एकदा टोकाशी आणि एकदा मधे. मेलेल्या कोळंबीचं डोकं काढा आणि शेपटीकडून गळ घालत पोटाकडे टोक बाहेर काढा. जिवंत कोळंबीला डोक्यावरच्या काट्याखालून आडवा गळ द्या, पण डोक्यातला काळा ठिपका चुकवा, तिथं लागलं की ती लगेच मरते. दर १५-२० मिनिटांनी आमिष बघा. खेकडे आणि केंड (फुगणारा मासा) ते गुपचूप साफ करतात आणि तुम्ही रिकाम्या गळावर बसून राहता.

कधी जायचं हे तिथीवरून ठरवा. या किनाऱ्यावर रोज दोन भरत्या येतात, त्यांच्यात साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं आणि भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढं सरकते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते: चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, दशमीला साडेसातला. नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यात बघून घ्या. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी जोरात धावतं आणि खाडीच्या तोंडाशी ५० ग्रॅम शिसं तळाला थांबत नाही. अष्टमी-नवमीला भांगाची, म्हणजे कमी चढणारी भरती, ओढ कमी. म्हणजे अष्टमी ते दशमी या तिथींना पाणी शांत आणि भरती नेमकी सकाळी. नवख्या माणसानं पहिली फेरी याच दिवसांत काढावी: आदल्या दिवशी पाटण-कोयनानगरवरून घाट उतरून चिपळूणमार्गे मुक्कामी पोचा आणि उजाडायच्या आधी पाण्यावर असा. भरती पूर्ण व्हायच्या आधीचे दोन तास आणि नंतरचा एक तास, हा मुख्य वेळ. खाडीच्या तोंडाशी ओहोटीचे पहिले दोन तासही चांगले, कारण आतली कोळंबी आणि बारीक मासळी पाण्याबरोबर बाहेर येते.

दाभोळच्या खाडीत जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. कोयनेच्या वीजगृहातून सुटणारं पाणी वाशिष्ठीत येतं, तेच पुढं या खाडीला मिळतं. त्यामुळे चिपळूणच्या बाजूला पाणी बरंच गोडं असतं आणि समुद्रातल्या माशांसाठी खाली तोंडाकडे सरकावं लागतं.

पुळणीवर आल्याबरोबर फेकू नका. दहा मिनिटं उंचावर उभं राहून लाटा बघा. लाट जिथं फुटते तिथं उथळ, आणि फुटलेली लाट जिथं पुन्हा सपाट होते, पाणी गडद दिसतं, तिथं खोलगट पट्टा. तो पुष्कळदा काठापासून २०-४० मीटरवरच असतो आणि मासे त्यातच चरत फिरतात. जीव तोडून ८० मीटरवर फेकणारे त्याच्या पलीकडे, उथळावर आमिष टाकतात.

दोरी तुटली की चरफडत नवी बांधणी करण्याआधी तुटलेलं टोक बोटांवर घेऊन उजेडात बघा. टोक डुकराच्या शेपटीसारखं कुरळं असेल तर दोरी तुटलीच नाही, गाठ सुटली: वेढे कमी पडले किंवा नीट आवळले नव्हते. टोक सफाईदार कापलेलं असेल तर दाताचं काम आहे, केंड किंवा टोळ मासे आसपास आहेत, गळाचा तुकडा जाड करा किंवा जागा बदला. टोकाजवळची चार-सहा बोटं खरखरीत, पांढुरकी असतील तर खडक. दर माशानंतर लीडर चिमटीतून ओढून बघायचा आणि खरखर लागली तेवढा कापायचा. टोक ताणून बारीक झालं असेल तर भार जास्त झाला, ड्रॅग सैल करा. तीच ती दोरी दर वेळी एकाच अंतरावर तुटत असेल तर रॉडच्या कड्या तपासा: कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून फिरवा, जिथं धागे अडकतील तिथं आतल्या रिंगला चीर आहे.

तळाला अडकलं तर रॉड उचलून हिसके देऊ नका, रॉडच मोडेल. रॉड दोरीच्या रेषेत धरा, स्पूल तळहातानं दाबा आणि मागं चालत जा. ब्रेड हाताला गुंडाळून कधीच ओढू नये, ती हाडापर्यंत कापते. लाकडाच्या दांडक्याला चार वेढे देऊन ओढा.

खडकांवरच्या धोक्याबद्दल स्पष्ट लिहितो, कारण घाटावरच्या माणसाला नदी कळते, लाट कळत नाही. उभं राहायच्या जागेकडे आधी १५-२० मिनिटं नुसतं बघा. मोठ्या लाटा थांबून थांबून, दोन-चारच्या गटानं येतात. खडक ओला किंवा शेवाळलेला असेल तर लाट तिथपर्यंत येतेच. समुद्राकडे पाठ करू नका, एकटे जाऊ नका, पकड असलेले बूट आणि लाइफ जॅकेट घाला, आणि भरती चढताना परतीची वाट पाण्याखाली जाणार नाही ना, हे आधी बघून ठेवा. कार्बनचा रॉड विजेच्या तारेखाली उभा करू नका. जून-जुलैत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. तुम्ही किनाऱ्यावरून गळ टाकत असलात तरी त्या दिवसांत खडकांवर जायचं नाही.

हातात आलेला मासा ओळखता येत नसेल तर कापडानं किंवा पकडीनं धरा. शिंगाळ्याच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंना काटे असतात, पाकटाच्या शेपटीला काटा असतो, दोन्ही विषारी. टोचलंच तर जखम धुवून सोसवेल इतक्या गरम पाण्यात ३० ते ९० मिनिटं बुडवून ठेवा, ठणका कमी होतो, आणि काटा आत राहिला असेल किंवा जखम खोल असेल तर डॉक्टरकडे जा. फुगणारा केंड खायचा नाही, शिजवून त्याचं विष जात नाही. महाराष्ट्रात २०२३ पासून ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिलेला आहे. कायद्याचं सोडा, बोटाएवढी तांबोशी घरी नेऊन कुणाचंच पोट भरत नाही. ओल्या हातानं धरून लगेच पाण्यात सोडा. ठेवायचे मासे मारून, खवले-आतडी काढून बर्फात घाला. घाट चढून साताऱ्याला पोचायला चार-पाच तास जातात, आणि माशाच्या वजनाइतका तरी बर्फ लागतो.

घरी पोचल्यावर कितीही दमला असाल तरी त्याच रात्री रील धुवा. आधी ड्रॅग पूर्ण आवळा, म्हणजे पाणी आत वॉशरांपर्यंत जात नाही. नळाचा जोरदार झोत मारू नका, त्यानं मीठ आणखी आत ढकललं जातं. स्प्रेच्या बाटलीनं किंवा हलक्या धारेनं दोन-तीन मिनिटं, मग कापडानं पुसून सावलीत वाळवा. वाळली की ड्रॅग सैल करा, दाबलेली वॉशरं तशीच राहिली तर चपटी होऊन पुढच्या वेळी हिसके देतात. दोरीची फिरकी आणि हँडलची खुंटी यांना प्रत्येकी एक थेंब तेल. रॉडच्या कड्या आणि रील बसवायची जागा ओल्या फडक्यानं पुसा, दोन तुकडे वेगळे करून ठेवा. ब्रेडची पहिली ३०-४० मीटर ओल्या कापडातून ओढून घ्या. वापरलेले गळ नव्या गळांच्या डबीत कधीच परत टाकू नका. एका ओल्या गळामुळे अख्खी डबी आठवडाभरात गंजते. त्यांच्यासाठी वेगळी डबी ठेवा, गोड्या पाण्यात धुवून वाळवा आणि ज्यांचं टोक नखावर ओढल्यावर रुतत नाही, ते कातरून फेकून द्या.